आधी विश्वास कोणी ठेवायचा?

सार्वजनिक आरोग्याची एखादी मोहीम अडली की तिचे एक तयार कारण सांगितले जाते. लोक अडाणी आहेत, संशयी आहेत, त्यांचा विज्ञानावर विश्वास नाही. हे लोक मुस्लिम मोहल्ल्यातले असतील तर या कारणाला वेगळीच धार चढते. मग वर्तमानपत्रांत लेख येतात, चर्चासत्रे होतात, मौलानांना आवाहन करायला सांगितले जाते. हे कारण सर्वस्वी खोटे आहे असे मी म्हणणार नाही. पोलिओच्या थेंबांनी पुढे मूल होत नाही ही अफवा आपल्याच मोहल्ल्यांत फिरली आणि ती खरी मानणारेही आपलेच होते. पण या सगळ्या चर्चेत विश्वासाची वाट एकाच दिशेने जाते असे गृहीत धरलेले असते. जाणकाराने सांगावे आणि सामान्य माणसाने विश्वास ठेवावा. उलट बाजूने प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. जाणकाराचा सामान्य माणसावर विश्वास आहे का? आणि दोघांपैकी आधी कोणी विश्वास ठेवायचा?

मला हा प्रश्न वैद्यकापेक्षा नीतीचा वाटतो. प्रयोगशाळेत जंतू पाहणाऱ्याचे काम तिथल्या तिथे पुरे होऊ शकते. सार्वजनिक आरोग्याच्या संशोधकाला मात्र लोकांच्या उंबरठ्यापर्यंत जावे लागते. पाणी कुठून भरता, मूल आजारी पडले की त्याला काय पाजता, संडास आहे का, हात कशाने धुता, हे त्याचे प्रश्न. इतके साधे की विचारणाऱ्यालाच संकोच वाटावा. पण दरवर्षी लाखो मुले याच साध्या गोष्टींनी दगावत आली आहेत. उंबरठा आला म्हणजे परवानगी आली, अदब आली, आणि घरातल्या माणसाला आपल्याबरोबरीचे मानायचे की नाही हा प्रश्नही आला.

आपल्या महाराष्ट्राला या प्रश्नाची ओळख जुनी आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आढळला. त्या वेळी हिंदुस्थानात कॉलऱ्याच्या लसीचे काम करीत असलेले शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांना मुंबईत बोलावण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत काही महिन्यांत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. दुसऱ्याला सांगण्याआधी धोका स्वतःच्या अंगावर घेण्याची ही कृती होती. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात तयार झालेल्या कैद्यांना ती टोचण्यात आली. कैद्याच्या होकाराला किती स्वतंत्र होकार म्हणायचे, हा प्रश्न त्या काळी फारसा कोणाला पडला नव्हता. आज तो पडल्यावाचून राहत नाही.

पण शास्त्रज्ञाच्या मागोमाग सरकार आले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला. पुण्यात सैनिक घरोघर शिरले आणि पुढे रँडच्या खुनापर्यंत काय घडले ते महाराष्ट्रातला शाळकरी मुलगाही सांगेल. त्याच काळातली मुंबईतली दुसरी घटना मात्र आपल्या लेखनात फारशी येत नाही. मार्च १८९८ मध्ये जुलाहा विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला तपासायला प्लेगचे पथक आले. घरच्यांनी आणि मोहल्ल्याने विरोध केला, आणि त्यातून दंगल पेटली. ते विणकर लसीच्या विरोधात उभे राहिले नव्हते. घरातली आजारी मुलगी परके लोक उचलून नेतील आणि ती परत येणार नाही, ही त्यांची भीती होती. त्याच शहरात आगाखान तिसरे यांनी आपल्या खोजा अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली आणि हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी आपली वास्तूही दिली. एकाच शहरात, एकाच साथीत, एकाच धर्माच्या दोन वस्त्यांपैकी एकीत दंगल झाली आणि दुसरीत लोक रांगेत उभे राहिले. दोन्हीकडचा धर्म सारखाच होता. फरक होता तो दारात कोण आले आणि कसे आले याचा.

यापुढचे उदाहरण मला जास्त मोलाचे वाटते, कारण त्यात विश्वासाची वाट खरोखरच उलटी फिरली. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. सीमेजवळच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला. कॉलऱ्यात माणूस मरतो तो अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने. त्यावर शिरेतून सलाईन देणे हा तेव्हाचा मान्य उपचार. सलाईन संपत आले. ते चढवायला हात अपुरे पडू लागले. रुग्ण जमिनीवर पडलेले होते आणि त्या जमिनीवर पाय ठेवायला कोरडी जागा नव्हती. तिथे काम करणारे कलकत्त्याचे डॉ. दिलीप महालनबीस यांच्यासमोर एक ज्ञान होते. साखर आणि मीठ ठरावीक प्रमाणात एकत्र दिले तर कॉलऱ्यातही आतडे पाणी शोषून घेते, हे १९६० च्या दशकात सिद्ध झाले होते. ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९६८ मध्ये ते रुग्णांवर दाखवलेही होते. पण ते रुग्णालयात, डॉक्टरांच्या नजरेखाली. छावणीत असे पाणी कोण पाजणार?

महालनबीस यांनी ते काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले. ग्लुकोज, मीठ आणि सोडा यांच्या पुड्या कलकत्त्यात भरल्या गेल्या. छावणीत पिंपात पाणी तयार केले जाई आणि आई, भाऊ, नवरा पेल्याने ते घेऊन आपल्या माणसाला पाजत. लोकांना ते औषध वाटावे म्हणून त्याला तोंडाने घ्यायचे सलाईन म्हटले गेले. जिथे शंभरातले तीसएक रुग्ण मरत होते तिथे मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. पुढे १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ने या द्रावणाची गणना विसाव्या शतकातील वैद्यकाच्या सर्वांत मोठ्या प्रगतींमध्ये होऊ शकेल असे लिहिले. आपल्याकडे आपण त्याला जलसंजीवनी म्हणतो. महालनबीस २०२२ मध्ये वारले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

इथे एक आक्षेप आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. मीठ जास्त पडले तर तेच पाणी लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. अक्षरओळख नसलेल्या आईच्या हाती असे औषध द्यावे का, अशी शंका अनेक डॉक्टरांना होती. त्यांची नियत वाईट होती असे मी मानत नाही. मुलाच्या जिवाची काळजीच त्यांना तसे बोलायला लावत होती. पण त्या काळजीचा शेवट एकाच ठिकाणी होत होता. आईवर भरवसा नको, मुलाला दवाखान्यात आणा. आणि दवाखाना कित्येक मैल दूर होता.

बांगलादेशात फझले हसन अबेद यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेल्या ‘ब्रॅक’ या संस्थेने या आक्षेपाला जे उत्तर दिले ते मला नीतीच्या दृष्टीनेही अभ्यासण्यासारखे वाटते. १९८० पासून दहा वर्षे त्यांच्या स्त्री-कार्यकर्त्या घरोघर गेल्या आणि एक कोटी वीस लाखांहून अधिक घरांत त्यांनी आईला समोर बसवून शिकवले. तीन बोटांची एक चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. मोजायला तराजू नाही, लागणारे सगळे सामान स्वयंपाकघरातले, आणि माप आईचे स्वतःचे बोट. अर्धा शेर कुठपर्यंत येतो याची खूण तिच्याच भांड्यावर करून दिली जाई. सांगून झाल्यावर आईने ते स्वतः करून दाखवायचे.

पण खरी गोष्ट पुढे आहे. काही आठवड्यांनी दुसरा माणूस काही निवडक घरी जाई. आईला काय आठवते ते विचारी, तिच्याकडून पाणी करवून घेई आणि त्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासला जाई. त्या तपासणीत जो निकाल लागे त्यावर शिकवणाऱ्या बाईचा मेहनताना ठरे. आईला आठवले नाही तर आईला कोणी अडाणी म्हणत नसे. शिकवणारीचे पैसे कापले जात.

शाळेत शिकवणाऱ्या माणसाला हा नियम अस्वस्थ करील. आम्ही धडा संपला की शिकवून झाले असे म्हणतो. मुलांना आले नाही तर मुले कच्ची, घरचे वातावरण वाईट, पालक निरक्षर. आमच्या पगाराचा आणि मुलाच्या आठवणीचा संबंध लावा असे मी इथे सुचवत नाही, कारण शाळेत त्याचे दुष्परिणामही पुष्कळ होतील. पण त्यामागचे तत्त्व नाकारता येत नाही. शिकवले गेले की नाही याचा पुरावा शिकणाऱ्याजवळ असतो. आणि ज्याच्याजवळ ज्ञान जास्त आहे त्याचीच परीक्षा आधी घ्यायची, हा न्याय आहे.

तरीही मोहीम सुरुवातीला फसत होती. आयांना पाणी करता येत होते, पण मूल आजारी पडल्यावर फार थोड्या जणी ते वापरत होत्या. नेहमीचे उत्तर तयारच होते. संशोधकांनी ते न स्वीकारता कारणे शोधली. पहिले कारण असे निघाले की शिकवणाऱ्या कार्यकर्त्यांचाच त्या पाण्यावर विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्या गोळ्या घेत होत्या. लोकांना हे दिसत होते. मग कार्यकर्त्यांनाच आधी हे ज्ञान नीट पटवून देण्यात आले. दुसरे कारण असे की पुरुषांना कोणी काही सांगितलेच नव्हते आणि घरात खर्चाचा, औषधाचा निर्णय त्यांच्या हातात होता. मग बाजारात, शाळेत, मशिदीत पुरुषांशी बोलणे सुरू झाले.

तिसरे कारण शब्दाचे होते. संशोधक ज्या सगळ्याला ‘डायरिया’ म्हणत होते त्याला गावात निरनिराळी नावे होती. दूध पिणाऱ्या बाळाचे पातळ होणे वेगळे, अपचनाचे वेगळे, आवेचे वेगळे. गावकरी ‘डायरिया’ म्हणत ते फक्त कॉलऱ्यासारख्या जोरदार पाण्यासारख्या जुलाबाला. आयांनी सांगितलेले तंतोतंत पाळले होते. ज्याला त्या डायरिया म्हणत त्यावरच त्या हे पाणी देत होत्या. चूक शब्दकोशाची होती. हे कारण वाचताना मला आपल्या भाषेची आठवण झाली. उर्दूत या आजाराला ‘इसहाल’ म्हणतात, मराठीत ‘अतिसार’, आणि आमच्या मुलांच्या घरी अम्मी म्हणते ‘दस्त’ किंवा ‘जुलाब’. दवाखान्याच्या भिंतीवर यातला कोणता शब्द लिहिलेला असतो ते ज्याचे त्याने पाहावे.

आता पोलिओकडे वळू. भारतात पल्स पोलिओची मोहीम १९९५ पासून सुरू झाली. उत्तर प्रदेश आणि बिहार मागे राहिले. २००२ मध्ये देशात १६०० मुलांना पोलिओ झाला, त्यांतले बहुतेक उत्तर प्रदेशातले, आणि त्यांत मुस्लिम मुलांचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने जास्त होते. थेंबांचा संबंध नसबंदीशी जोडला गेला. ही अफवा खोटी होती, पण ती आकाशातून पडली नव्हती. आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीची आठवण त्या भागात ताजी होती. याशिवाय लोक आणखी दोन गोष्टी विचारत होते. एक, इथे नळाला पाणी नाही, गटार उघडे आहे, मूल तापाने फणफणले तरी कोणी फिरकत नाही, मग या एकाच औषधासाठी तुम्ही पुन्हा पुन्हा का येता? दोन, शेजारच्या मुलाला कित्येक वेळा थेंब पाजले, तरी त्याचा पाय गेला तो कसा?

घरोघर सर्वेक्षणाला गेलेल्या कोणत्याही शिक्षकाला पहिला प्रश्न ओळखीचा आहे. दुसऱ्या प्रश्नाला त्या वेळी उत्तर मिळे ते समजुतीचे, आणखी थेंब पाजा, कोणाचे ऐकू नका. पण तो प्रश्न शास्त्राचा होता. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉ. टी. जेकब जॉन यांनी १९७० च्या दशकातच दाखवले होते की आपल्या मुलांवर या थेंबांचा परिणाम श्रीमंत देशांतल्या मुलांपेक्षा कमी होतो. २००६ मध्ये, ज्या वर्षी देशात ६७६ रुग्ण सापडले, प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हेही दाखवले की उत्तर प्रदेशात त्या वेळच्या थेंबांच्या एका मात्रेचा परिणाम देशाच्या इतर भागांपेक्षाही कमी होता. दाट वस्ती, घाण पाणी, सततचे जुलाब. ज्या आतड्यात थेंबांनी काम करायचे तेच आजारी होते.

म्हणजे दारातल्या बाईचा दुसरा प्रश्न बरोबर होता आणि पहिलाही. किंबहुना दोन्ही एकच होते. उघडे गटार आणि निष्प्रभ थेंब यांचा संबंध तिला शास्त्राच्या भाषेत सांगता येत नव्हता, एवढेच. पुढे एका-दोन प्रकारच्या विषाणूंवर अधिक परिणामकारक लसी आल्या. उत्तर प्रदेश आणि बिहारमधील सर्वांत कठीण १०७ गटांसाठी जी योजना आखली गेली तिच्यात थेंबांबरोबर स्वच्छ पाणी, संडास, स्तनपान आणि जुलाबावर झिंक व जलसंजीवनी यांचा समावेश झाला. जामिया मिल्लिया, अलीगढ विद्यापीठ आणि जामिया हमदर्दमधील लोक मोहिमेत आले. मशिदींतून घोषणा झाल्या. २००९ मध्ये ७४१ रुग्ण होते, २०१० मध्ये ४२. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारताचा समावेश असलेला दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला.

मग काय, आईने थेंब नाकारले ते बरोबर केले? नाही. इथे शंका आणि नकार यांत फरक करायला हवा. शंका हा तिचा हक्क आहे. पण नकाराची किंमत ती देत नाही, तिचे मूल देते. सरकारवरच्या रागासाठी, जुन्या अपमानासाठी मुलाचा पाय गहाण ठेवण्याचा अधिकार आईबापालाही नाही. मूल ही आपल्या दीनमध्ये अमानत मानली जाते आणि अमानतीवर जुगार खेळता येत नाही. थेंब दुबळे होते म्हणून ते टाकून द्यायचे नव्हते, ते जास्त वेळा द्यायला हवे होते. हे त्या आईला कारणासह सांगितले असते तर कदाचित तिने ऐकले असते. तिला कारण समजणार नाही असे आधीच ठरवले गेले, आणि मी ज्याला जाणकाराचा अविश्वास म्हणतो तो हाच.

अमानतीचे हे नाते ज्ञानालाही लागू आहे. इल्म ज्याच्याकडे आहे तो त्याचा मालक नसतो. ज्याला त्याची गरज आहे त्याच्यापर्यंत ते समजेल अशा रूपात पोहोचवले नाही, तर ती खयानत होते. आणि इथे आपल्यालाही सुटका नाही. आपल्या फिकहमध्ये फर्ज-ए-किफाया अशी कल्पना आहे. समाजातल्या काही जणांनी ते कर्तव्य पार पाडले तर सगळे मोकळे, कोणीच केले नाही तर सगळे गुन्हेगार. इमाम गझाली यांनी वैद्यकाला या कर्तव्यांत गणले होते आणि सगळे फिकहकडे धावतात, वैद्यक कोणी शिकत नाही, अशी तक्रारही केली होती. ते वारले ११११ मध्ये. तक्रार अजून जुनी झालेली नाही. आपल्या मोहल्ल्यात डॉक्टर झालेल्या मुलाचा सत्कार होतो आणि तो व्हायलाही हवा. पण साथ का आली, कुठल्या गल्लीत आली, कुठल्या पाण्यातून आली, हे शोधणारे आपल्यातून किती निघाले? दारात येणारा नेहमीच परका असेल तर त्याचा थोडा दोष घराकडेही जातो.

हा प्रश्न पोलिओबरोबर संपला असेही नाही. २०२२ च्या अखेरीस गोवंडीत गोवराची साथ आली, भिवंडी आणि मालेगावही त्यातून सुटले नाहीत. मुले दगावली. करोनाच्या काळात लसीकरण विस्कळीत झाले होते, ही गोष्ट सर्वांना ठाऊक होती. तरीही ‘या लोकांना लस नको असते’ हे वाक्य लगेच ऐकू आले. काहींना नको होती हे खरे. पण लसीनंतर मुलाला ताप येतो आणि मूल घेऊन बसले तर दिवसाचा रोज बुडतो, हे सांगणारी आई आणि लस हराम आहे म्हणणारी आई यांना एकाच रकान्यात घालणारा माणूस मोजणी करतो, पण संशोधन करत नाही. पहिलीला ताप का येतो आणि तो किती दिवसांत उतरतो हे सांगावे लागेल, आणि सुट्टीच्या दिवशी तिच्या दारात जावे लागेल. दुसरीशी वेगळे बोलावे लागेल, आणि ते बोलणे आपल्याच माणसांना जास्त चांगले जमेल.

आधी विश्वास कोणी ठेवायचा, याचे माझे उत्तर असे. ज्याच्याजवळ ज्ञान, पद आणि सत्ता जास्त आहे त्याने. कारण त्याने चुकून विश्वास ठेवला तर त्याचे नुकसान थोडे होते. एखादा नमुना बिघडतो, एक फेरी वाया जाते, थोडे पैसे कापले जातात. गरीब आईने चुकून विश्वास ठेवला तर तिचे मूल जाते. ज्याची जोखीम कमी त्याने पहिले पाऊल टाकावे, यात त्याच्यावर अन्याय नाही. मात्र त्याने ते टाकल्यानंतर दार लावून घेणे हा आपला अन्याय ठरेल. बनगावच्या पिंपाजवळ पेला हातात घेऊन उभ्या असलेल्या निर्वासितांनी दार लावले नव्हते. त्यांच्यावर विश्वास ठेवला गेला आणि त्यांनी आपली माणसे वाचवली.